बटण दाबले, पण काहीच झाले नाही

शाळेची सहल विज्ञान केंद्रात शिरते. सहावीतली मुले रांग मोडून पहिल्या प्रयोगाकडे धावतात. 'बटण दाबा' असे लिहिलेले असते. पहिला मुलगा बटण दाबतो, दुसरा जोरात दाबतो, तिसरा थापटून पाहतो. काहीच होत नाही. "बंद आहे रे ते, चला पुढे," बाई म्हणतात आणि रांग पुढे सरकते.

शहरातल्या मुलासाठी ही किरकोळ गोष्ट आहे; तो पुढच्या सुट्टीत पुन्हा येऊ शकतो. लांबच्या गावातून पहाटेच्या एसटीने आलेल्या मुलासाठी मात्र ती कदाचित एकमेव भेट असते. पुस्तकात वाचलेले तत्त्व हाताने पडताळून पाहण्याची त्याची संधी हुकते. विज्ञान म्हणजे फलक वाचून पुढे जायचे, एवढेच तो शिकून परततो.

मुळात ही केंद्रे उभी राहिली ती 'हात लावू नका' या पाटीच्या विरोधात. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम सुरू केले आणि प्रत्येक गोष्ट हाताळून पाहण्याची मुभा दिली. भारतात १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. पुढे वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये, नागपूरचे रमण विज्ञान केंद्र १९९२ मध्ये आणि पणजीचे गोवा विज्ञान केंद्र २००१ मध्ये लोकांसाठी खुले झाले. लाखो मुलांनी अशा ठिकाणी पहिल्यांदा फिरत्या खुर्चीवर बसून हात जवळ घेतले आणि आपला वेग वाढल्याचे अनुभवले.

पण हाताळायची वस्तू झिजणारच. साधा हिशेब करू. घरातल्या दिव्याचे बटण दिवसाला दहा वेळा वापरले, तर वर्षाचे ३,६५० वेळा होतात. विज्ञान केंद्रात दिवसाला ५०० मुले आली आणि प्रत्येकाने एखादे बटण चार वेळा दाबले, तर एका दिवसात दोन हजार. म्हणजे घरातल्या बटणाला वर्षभरात जेवढा वापर सोसावा लागतो, त्याहून अधिक वापर इथे दोन दिवसांत होतो. 'मुले मोडतोड करतात' ही तक्रार म्हणूनच अपुरी आहे. हँडल जोरात फिरवणे हा मुलांचा खोडसाळपणा नव्हे; ते हँडल त्यासाठीच बसवलेले असते.

सगळ्या प्रयोगांचे आयुष्य सारखे नसते. बागेत समोरासमोर उभ्या केलेल्या दोन मोठ्या अंतर्वक्र तबकड्या घ्या. एकीच्या केंद्राशी कुजबुजले की दूरच्या दुसरीपाशी उभ्या मित्राला ऐकू येते. यात हलणारा एकही भाग नाही. वेळोवेळी रंग दिला की त्या वर्षानुवर्षे टिकतात. चाके, पट्टे, स्प्रिंगा असलेल्या यंत्रांना अधूनमधून नवे बेअरिंग लागते, पण ते बाजारात मिळते आणि कुशल फिटर ते बसवू शकतो. सगळ्यात अल्पायुषी असतात ते टचस्क्रीन, प्रोजेक्टर आणि सेन्सरवर चालणारे खेळ. पडदा शाबूत असला तरी आतली संगणक प्रणाली कालबाह्य होते, सुटा भाग मिळेनासा होतो आणि सॉफ्टवेअर लिहून देणारा कंत्राटदार फोन उचलत नाही. तरीही नवे दालन म्हटले की आधी पडद्यांची यादी होते, कारण उद्घाटनाच्या दिवशी तेच झळकतात.

यंत्राखेरीज आशयालाही वय असते. २००६ मध्ये प्लुटो ग्रहांच्या यादीतून वगळला गेला आणि नऊ ग्रह दाखवणारी प्रतिकृती उत्तम चालत असूनही एका दिवसात जुनी झाली. उलट, काही कल्पना म्हाताऱ्या होतच नाहीत. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९६१ मध्ये 'मॅथेमॅटिका' हे गणिताचे प्रदर्शन तयार केले. खिळ्यांमधून घरंगळणाऱ्या हजारो गोळ्यांतून घंटेच्या आकाराचा आलेख कसा उभा राहतो, हे त्यातले यंत्र दाखवते. त्याची एक आवृत्ती बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयाने जपली आहे. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमधले आत शिरून पाहता येणारे प्रचंड हृदय १९५४ मध्ये तात्पुरते म्हणून उभारले होते. लाकूड, तारेची जाळी आणि कागदाचा लगदा एवढेच त्याचे साहित्य. लोकांना ते इतके आवडले की डागडुजी करत, साहित्य बदलत ते आजवर टिकवले गेले. ते टिकले ते मजबुतीमुळे नव्हे, तर कोणीतरी त्याची सतत काळजी घेतली म्हणून.

काळजी नसेल तर काय होते, याचेही उदाहरण आहे. कॅनडातले ओंटारिओ सायन्स सेंटर हे १९६९ मध्येच उघडलेले नामांकित केंद्र जून २०२४ मध्ये एकाएकी बंद करण्यात आले. कारण प्रयोगांचे नव्हते, छताच्या जुन्या फलकांचे होते. देखभाल पुढे ढकलली की तिचा खर्च टळत नाही, वाढतो.

आपल्याकडे नव्या दालनासाठी निधी मिळतो, फीत कापली जाते, छायाचित्रे छापून येतात. जुन्या प्रयोगाच्या बेअरिंगसाठी मात्र कागद टेबलांवरून फिरत राहतो. यावर उपाय अवघड नाहीत. प्रयोग मंजूर करतानाच तो किती वर्षे चालवायचा, सुटे भाग कुठून आणायचे आणि दरवर्षी किती खर्च येईल, हे लिहिले जावे. तो निधी वेगळा राखला जावा. जवळच्या आयटीआयमधल्या मुलांना दुरुस्तीसाठी उमेदवारीवर घेता येईल. त्यांना काम मिळेल, केंद्राला हात मिळतील. ज्या प्रयोगाचे आयुष्य संपले, तो झाकून ठेवण्यापेक्षा सन्मानाने हलवावा. चालणारे वीस प्रयोग हे बंद पडलेल्या पन्नासांपेक्षा केव्हाही बरे.

एक्सप्लोरेटोरियममध्ये कार्यशाळा भिंतीआड दडवलेली नाही. प्रयोग बनवणारी आणि दुरुस्त करणारी माणसे प्रेक्षकांना दिसतात. ही कल्पना इथेही आणता येईल. यंत्र उघडून ते का बंद पडले हे शोधणारा तंत्रज्ञ पाहणे, हाही विज्ञानाचा धडाच आहे, आणि तो 'बंद आहे' या पाटीपेक्षा खूप काही शिकवतो.

प्रत्येक केंद्राच्या दाराशी कोनशिलेवर उद्घाटनाची तारीख कोरलेली असते. तिच्याशेजारी आज किती प्रयोग चालू आहेत, हा आकडाही रोज लिहिला जावा. पहाटेच्या एसटीने आलेल्या मुलाला त्या तारखेपेक्षा हा आकडा जास्त उपयोगाचा आहे.