समईचा सांधा

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, माळ्यावरून उतरविताना, आमची समई हातातून निसटली आणि तिचा दांडा मधोमध तुटला. आजोबांनी ती डिचोलीच्या कासाराकडून घडवून घेतली होती. तिच्याविना गणपती बसल्याचे पेडण्याच्या आमच्या घरात कोणाला आठवत नाही.

त्याच सायंकाळी एक जुना विद्यार्थी भेटीस आला. मुंबईकडील एका कारखान्यात तो इलेक्ट्रॉनांच्या झोताने धातू सांधण्याच्या यंत्रावर काम करतो. मी मोठ्या आशेने तुकडे त्याच्यापुढे ठेवले. तो म्हणाला, "सर, आमच्या यंत्राला पितळ चालत नाही."

अग्निबाणाच्या टाक्या सांधणारे यंत्र समईपुढे हात टेकते, हे ऐकून मी चकित झालो. मग शिष्याने गुरूस धडा दिला. हवा काढून घेतलेल्या पेटीत टंगस्टनच्या तप्त तारेतून इलेक्ट्रॉन निघतात. साठ हजार ते दीड लाख व्होल्टच्या दाबाने ते प्रकाशाच्या जवळपास निम्मा, कधी त्याहूनही अधिक वेग घेतात आणि धातूवर आदळतात. धातू तेथल्या तेथे वितळतो, थोडा वाफ होतो, व झोत सुईसारखा खोल शिरतो. शेजारचा भाग फारसा तापत नाही.

१९५०च्या दशकात जर्मनीत स्टायगरवाल्ड व फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगात स्टोर यांनी ही विद्या सिद्ध केली. अणुभट्टीतील इंधननळ्यांचे झिर्कोनियम तापताच हवेतला प्राणवायू व नत्रवायू शोषून ठिसूळ होते. टायटॅनियम, नायोबियम, टँटलम यांचीही तीच खोड. पेटीत हवाच नसल्याने ही सारी मंडळी तेथे सुखाने सांधली जातात. इस्रोच्या टायटॅनियमच्या इंधनटाक्या अशाच सांधतात. तांबेही सांधते. पोलादात चुंबकत्व उरले, तर मात्र झोत वाकतो. (खाणींच्या तालुक्याशेजारी जन्म काढून लोखंडाविषयी ही गोष्ट मला ठाऊक नव्हती!)

आणि पितळ? तांबे १०८५ अंशांवर वितळते, पण पितळेतले जस्त ९०७ अंशांवरच उकळते; निर्वातात त्याहूनही आधी. जस्ताची वाफ सांध्यात भोके पाडते आणि यंत्रही बिघडविते.

पहाटेच आम्ही दोघे डिचोलीस गेलो. म्हाताऱ्या कासाराने भाता पेटविला, टाकणखार घालून झाळ दिली. "मास्तर, जोड दिसणार हां," तो म्हणाला. त्याचा मुलगा पणजीस नोकरीला आहे. भात्यावर दुसरे कोणी नव्हते. माझा विद्यार्थी गुडघ्यांवर बसून, झाळ केव्हा धावते ते रंगावरून कसे ओळखायचे, हे त्याला पुन्हापुन्हा विचारीत होता. आरतीची वेळ टळेल म्हणून शेवटी मलाच त्याला उठवावे लागले.