हिशेबाची वही : विद्याधनाचे खाते वेगळे

वाईसारख्या गावात पेढीची गादी आणि परदेशातील ग्राहक आज एकाच घरात नांदू लागले आहेत. वडील हळदीचा किंवा कापडाचा व्यापार पाहतात. माडीवर मुलगी संगणकावर कोणा विदेशी संस्थेसाठी भाषांतर करते, मुलगा संकेतस्थळे रचून देतो. मोबदला पेपल किंवा पेयोनिअर यांसारख्या सेवांतून येतो. पेपलने १ एप्रिल २०२१ पासून भारतांतर्गत देवाणघेवाण थांबविली. परदेशातून येणाऱ्या रकमेसाठी मात्र तो मार्ग खुला आहे. प्रश्न रक्कम येण्याचा नाही. ती कोणाच्या नावे आणि किती म्हणून लिहावी, हा आहे.

पुष्कळ घरांत सोय म्हणून ही रक्कम वडिलांच्या पेढीच्या चालू खात्यात वळविली जाते. ‘घर एक, मग खाते वेगळे कशाला?’ असा त्यामागचा विचार. भावना चांगली असली, तरी कायदा तसा पाहत नाही.

स्वतःच्या विद्येने मिळविलेले धन कोणाचे, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. धर्मशास्त्रात ‘विद्याधन’ हा स्वतंत्र विषय आहे. ज्या धर्मकोशाच्या व्यवहारकांडात असे जुने व्यवहारविचार संकलित झाले, त्याचे संपादन वाईच्याच प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी केले. पुढे १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, कुटुंबाच्या पैशातून विशेष शिक्षण घेतलेल्या सनदी अधिकाऱ्याची कमाई एकत्र कुटुंबाच्या वाटणीस पात्र ठरविली. त्यावर उपाय म्हणून बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी पुढाकार घेतला आणि १९३० चा हिंदू विद्याधन कायदा झाला. शिक्षणाचा खर्च कुटुंबाने केला, एवढ्याच कारणाने विद्येची कमाई कुटुंबाची होत नाही, हे त्याने निश्चित केले. प्राप्तिकराचा कायदाही याच दिशेने जातो. अज्ञान मुलाचे उत्पन्न एरवी आईवडिलांच्या उत्पन्नात मिळविले जाते; पण त्याने स्वतःच्या कौशल्याने वा बुद्धीने मिळविलेले उत्पन्न त्याचेच मानले जाते.

तेव्हा पहिला नियम असा : ज्याचे काम, त्याचाच पॅन, त्याचेच बिल आणि त्याचेच बँक खाते. पेढीच्या खात्यात बिलाविना रक्कम आली, तर ती कोणत्या मालाची, या प्रश्नाचे उत्तर वडिलांना द्यावे लागते. तेथे समाधानकारक खुलासा न झाल्यास त्या रकमेवर फार कठोर दराने कर लागू शकतो. शिवाय पेढीची जीएसटीची उलाढाल आणि बँकेची जमा यांचा मेळ बसत नाही, तो त्रास निराळाच.

दुसरा नियम रकमेचा. समजा, बिल १,००,००० रुपयांचे झाले. काम मिळवून देणाऱ्या संस्थेने १०,००० व पैसे पोहोचविणाऱ्या सेवेने ४,००० रुपये कापले. खात्यात ८६,००० आले. वहीत जमा ८६,००० नव्हे, १,००,००० लिहावी आणि १४,००० खर्ची टाकावेत. आडत वजा होऊन पट्टीची रक्कम हाती येते, म्हणून विक्री तेवढीच झाली असे कोणताही व्यापारी म्हणत नाही. तोच न्याय येथे लावावा.

नफा शेवटी सारखाच निघतो, मग हा खटाटोप कशासाठी? ठरावीक व्यावसायिकांसाठी २०१६ च्या वित्त कायद्याने आणलेल्या अनुमानित योजनेत (कलम ४४एडीए) एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरतात. म्हणजे वरील उदाहरणात ५०,००० रुपये, ४३,००० नव्हेत; आणि कापलेले १४,००० पुन्हा वजा मागता येत नाहीत. या योजनेची मर्यादा ५० लाख. रोखीची जमा पाच टक्क्यांहून अधिक नसल्यास ७५ लाख. माहिती तंत्रज्ञान त्या यादीत आहे, भाषांतराचा उल्लेख नाही; म्हणून आपला व्यवसाय कोठे बसतो हे सल्लागारास आधी विचारावे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हेही ध्यानात असावे. सेवांसाठीची जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादाही एकूण उलाढालीवर मोजली जाते व तीत निर्यातही धरतात. नोंदणी झाल्यावर हमीपत्र दिल्यास निर्यात सेवेवर कर न भरता बिल करता येते.

परदेशी ग्राहक आपल्याकडचा टीडीएस कापत नाही. म्हणून वर्षाचा देय कर १०,००० रुपये वा अधिक होत असेल, तर आगाऊ कर स्वतःच भरावा लागतो : १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या चार हप्त्यांत. अनुमानित योजनेत असणाऱ्यांनी तो १५ मार्चपर्यंत एकदम भरला तरी चालतो.

खाते वेगळे झाले म्हणजे घर वेगळे झाले, असे मात्र कोणी समजू नये. मुलीला आपल्या कमाईतून पेढीस हातभार लावावयाचा असेल, तर तिने स्वतःच्या खात्यातून वडिलांना धनादेशाने भेट द्यावी. अशा जवळच्या नात्यातील भेटीवर घेणाऱ्यास कर नाही. उसने द्यावयाचे असल्यास तसे लिहून, बँकेमार्फतच द्यावे. २०,००० रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने उसनी घेण्यास कायद्याची मनाई आहे. कर वेळेवर भरलेली, नावानिशी लिहिलेली अशी रक्कम पेढीच्या वहीत आली, तर ती कोणालाही निःशंकपणे दाखविता येते. भावाभावांत उद्या हिशेब निघाला, तरी कोणाचे किती यावरून शब्द वाढत नाही.

दरमहा बिले, परदेशातून रक्कम आल्याचे बँकेचे वा सेवेचे सूचनापत्र आणि कपातीचा तपशील एका फाइलीत लावावा. महिन्याचा एक तास त्यास पुरेसा आहे. आणि घरात जमाखर्च जाणणारे वडीलधारे असताना तो मुलांना शिकविण्यास बाहेरचा गुरू शोधावा लागत नाही.