फिनिक्सचे ओझे

फिनिक्स पक्ष्याला आपल्याकडे फार राबवले जाते. पडलेला पुढारी पुन्हा निवडून आला की तो फिनिक्स, बंद पडलेला कारखाना सुरू झाला की तोही फिनिक्स, आणि गरिबाघरचा मुलगा परीक्षेत वर आला की सत्कारसमारंभात तो हमखास फिनिक्स! लहान मुलांच्या पुस्तकांत तर ही ग्रीक दंतकथा चार ओळींत उरकतात. पक्षी म्हातारा होतो, स्वतःला जाळून घेतो, राखेतून नवा होऊन उडतो. तात्पर्य : संकटांना भिऊ नका. माझे म्हणणे एवढेच, की ही गोष्ट मुलांना अर्धीच सांगितली जाते, आणि गाळलेला अर्धा भागच जास्त मोलाचा आहे.

मूळ गोष्ट काय आहे? इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात इजिप्तचे वर्णन करताना ती नोंदवली. हा पक्षी मी चित्राखेरीज कुठे पाहिलेला नाही, असे तो आधीच सांगून टाकतो. पक्ष्याचा आकार गरुडासारखा आणि पिसे काही सोनेरी, काही लाल. हेलिओपोलिस, म्हणजे सूर्यनगरी, येथील लोकांच्या सांगण्याप्रमाणे तो पाचशे वर्षांनी एकदाच येतो, आणि येतो तो बाप मेल्यावर. अरबस्तानातून तो मेलेल्या बापाला घेऊन निघतो. त्यासाठी हिराबोळाचा, म्हणजे आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो त्याच सुगंधी डिंकाचा, तो एक अंड्यासारखा गोळा करतो. आपल्याला पेलेल एवढाच मोठा. तो उचलून आधी उडून बघतो. जमते अशी खात्री पटली की गोळा आतून पोखरतो, त्यात बापाला ठेवतो आणि तोंड पुन्हा हिराबोळाने बुजवतो. आता वजन पहिल्याइतकेच भरते. मग ते ओझे घेऊन तो सूर्याच्या देवळापर्यंत जातो.

या सगळ्यात आग कुठे आहे? राख कुठे आहे? कुठेच नाही. इसवी सनाच्या आरंभी ओव्हिड या रोमन कवीने ही कथा ‘मेटामॉर्फोसिस’च्या पंधराव्या भागात घेतली. तेथे पक्षी दालचिनीसारख्या सुगंधी द्रव्यांच्या घरट्यात मरतो आणि त्याच्या देहातून पिल्लू जन्मते. आग तेथेही नाही. पण पिल्लू पंखांत बळ आल्यावर काय करते? ज्या घरट्यात बाप गेला आणि आपण जन्मलो, तेच उचलून सूर्यनगरीला नेते. ज्वाळा आल्या त्या पुढच्या रोमन कवींच्या लेखनातून; पहिल्या शतकाच्या अखेरीस मार्शलच्या कवितेत त्या दिसतात. पुढे आगच लोकांना आवडली, आणि ओझे मागे पडले.

कोणी म्हणेल, दंतकथा बदलतच असतात, त्यात एवढे काय बिघडले? बिघडते ते असे. राखेची गोष्ट सांगताना आधीचे सगळे जळून गेले असे आपण गृहीत धरतो. माझ्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलाला ‘तू राखेतून उठलास’ असे कोणी प्रेमाने म्हणतो, तेव्हा ती राख म्हणजे कोण? माझे वडील बाजार समितीत हमाली करतात. आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. ती दोघे जिवंत आहेत, कष्ट करीत आहेत, आणि त्यांच्याच पैशांतून माझी फी भरली गेली आहे. त्यांना राख म्हणवून घेणारा गौरव मला नको. हिरोडोटसचा पक्षी मात्र मला आमच्या घरातला वाटतो. वडीलही पोते पाठीवर घेण्याआधी जरा हलवून वजनाचा अंदाज घेतात. पेलेल तेवढेच उचलावे, पण उचलावे जरूर, ही त्यांची रीत मला त्या पक्ष्यात दिसते.

दुसरा आक्षेप असा, की मेलेल्या बापाला वाहून नेण्याची गोष्ट ऐकून मुले भितील. मला तसे वाटत नाही. आपली मुले आईवडिलांची कावड वाहणाऱ्या श्रावणबाळाची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आली. ती कोठे भ्याली? इंग्लंडमध्ये १९९८ साली निघालेल्या हॅरी पॉटरच्या दुसऱ्या पुस्तकातही फिनिक्स आहे. तो जळतो, राखेतून जन्मतो हे खरे. पण त्याला प्रचंड ओझी उचलता येतात असेही तेथे सांगितले आहे. मुलांना ते आवडलेच ना?

राखेतून काही उठतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. दक्षिण आफ्रिकेत दरबानजवळ फिनिक्स येथे गांधीजींनी १९०४ साली वसाहत स्थापिली. १९८५ च्या दंगलीत ती जाळली गेली, आणि २००० साली पुन्हा उभी राहून लोकांसाठी खुली झाली. नावाप्रमाणे झाले खरे. पण ती आपोआप उठली नाही. माणसांनी विटेवर वीट ठेवली तेव्हा ती उठली. मुलांना हेही सांगायला नको काय?

आणखी एक गोष्ट गाळू नये. एवढी सुंदर कथा सांगतानाच हिरोडोटस म्हणतो, की हे मला खरे वाटत नाही. रोमन ग्रंथकार प्लिनीने लिहून ठेवले आहे, की इ. स. ४७ मध्ये रोममध्ये एक फिनिक्स आणून भर चौकात लोकांना दाखवण्यात आला, आणि तो नकली आहे याविषयी कोणालाच शंका नव्हती. गोष्टीत रमावे, पण आपली अक्कल गहाण टाकू नये, हा धडा लहानपणीच मिळाला तर आजच्या पुष्कळ नकली फिनिक्सांचे पितळ लवकर उघडे पडेल.

आपल्यातले कितीतरी जण उद्या बी. एड. करून शाळांत शिकवायला जातील. तेथे समोर बसलेल्या मुलांत पुष्कळांच्या घरी पहिलेच पाटी-दप्तर आलेले असेल. त्यांना फिनिक्सची गोष्ट जरूर सांगा. पण ती ओझ्यासकट सांगा. म्हणजे उंच उडताना घर खाली टाकावे लागते, असे त्यांना वाटणार नाही.

— द्वितीय वर्ष, कला