कोयता एक, माणसें दोन

दिवाळी उरकली, कीं अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागांतील रस्त्यांवर दरसाल एक दृश्य दिसूं लागतें. पाथर्डी, शेवगांव, जामखेड या तालुक्यांच्या गांवांतून ट्रक व ट्रॅक्टर भरभरून निघतात. त्यांत अंथरुणें, भांडीं, एखादी शेळी, तान्हीं मुलें आणि त्यांचे आईबाप असे सर्वच असतात. यांतले कांहीं याच जिल्ह्यांतील श्रीरामपूर, राहुरी, कोपरगांव, नेवासें या कालव्यांच्या मुलुखांत उतरतात. कांहीं कोल्हापुराकडे, कांहीं थेट कर्नाटकांत जातात, आणि उन्हाळा लागेपर्यंत ऊस तोडतात. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें प्रवरेकांठीं सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि या जिल्ह्याच्या उत्तरेस लक्ष्मी नांदूं लागली. त्या लक्ष्मीचें गुणगान पुष्कळ झालें आहे. ऊस तोडून मोळी बांधणाऱ्या हातांचा हिशेब कोणाच्या नांवें मांडला जातो, एवढाच प्रश्न आज आम्हांस वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

या धंद्यांत माणसें मोजण्याचें परिमाण माणूस हें नसून कोयता हें आहे. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा मजूर आला तर तो अर्धा कोयता. हंगामापूर्वीं मुकादम जी उचल देतो ती कोयत्यामागें देतो, आणि अंगठा अगर सही घेतो ती बहुधा नवऱ्याची. पुढें टनावर मजुरी ठरते, ती उचलींत वळती होते. एखादा दिवस काम चुकलें तर खाडा म्हणून पैसे कापले जातात, मग तो दिवस बाईच्या दुखण्याचा असो कीं बाळंतपणाचा. हंगामाच्या अखेरीस हिशेब होतो तोही पुरुषाशींच. त्या पांच महिन्यांत बाईनें किती काम केलें, तिला त्याचें काय मिळालें, हें कोणत्याही वहींत शोधून सांपडावयाचें नाहीं, कारण तसा रकानाच मुळीं पाडलेला नाहीं.

आणि काम तर पाहा! पहांटेच्या अंधारांत उसाच्या पाचटानें शाकारलेल्या कोपींत चूल पेटते ती तिच्या हातानें. पाणी लांबून आणणें, भाकरी थापणें, पोरांची तरतूद लावणें, हें सारें उजाडण्यापूर्वीं. मग फड. ऊस तोडणें, पाचट सोलणें, वाढें छाटणें, मोळ्या बांधणें यांत ती नवऱ्याच्या बरोबरीनें राबते; डोकी सेंटरची टोळी असली तर मोळी डोक्यावर घेऊन आडव्या फळीवरून ट्रकवर चढते. ट्रक रात्रीं आला तर भरणी रात्रीं. कोपींत परतल्यावर पुन्हां चूल आहेच. ज्यास अर्धा कोयता म्हणावयाचें त्यानें दीड माणसाचें काम करावें, अशी ही रीत आहे.

आमच्या वाचकांत पेढीवाले व दुकानदार पुष्कळ आहेत. त्यांस आम्ही त्यांच्याच भाषेंत विचारतों. दोघां भागीदारांनीं मिळून धंदा केला आणि खतावणींत एकाचेंच नांव चढविलें, तर दुसरा भागीदार आठ दिवसांच्या आंत वकीलपत्र घेऊन आमच्या बैठकींत येईल कीं नाहीं? मग जो न्याय पेढीवर चालतो तो फडांत कां चालूं नये?

यावर एक उत्तर ठरलेलें असतें: कुटुंब एक, चूल एक, पैसा या हातांत पडला काय नि त्या हातांत पडला काय! हें उत्तर खरें असतें तर वाद मिटला होता. परंतु नवरा आजारी पडून अंथरुणास खिळला किंवा वारला, म्हणजे त्यांतील लबाडी उघडी पडते. मजुरीच्या वेळीं जिचें नांव कोणास आठवत नव्हतें, तिच्याकडेच मग उचलीचा तगादा येतो. पुढच्या हंगामास ये, पोरास घेऊन ये, पण फेड! मिळकतींत ती वाटेकरी नाहीं, कर्जांत मात्र आहे. कायदा असें सांगत नाहीं. करारावर जिची सही नाहीं तिला तो करार बांधत नाहीं. मयताच्या देण्याची जबाबदारी वारसांवर येते ती मयताची जेवढी मिळकत हातीं आली असेल तेवढ्यापुरतीच. आगाऊ रकमेच्या फेडीसाठीं माणसास कामावर डांबून ठेवणें हा तर १९७६ च्या वेठबिगारविरोधी कायद्याप्रमाणें गुन्हाच आहे. परंतु हें त्या विधवेस सांगावयाचें कोणी? फडावर मुकादम असतो, वकील नसतो.

हा प्रश्न आमच्याच देशाचा आहे असेंही नाहीं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत इंग्लंडांतील लिव्हरपूल बंदराची स्थिति पाहावी. गोदींतील हमाली पुरुषांची, आणि तीही रोज उभें राहून मिळाली तर मिळाली अशी. बायका गोण्या शिवीत, तंबाखूच्या कारखान्यांत जात, परघरचीं धुणींभांडीं करीत. पुरुषांची नोंदणी त्या बंदरांत १९१२ पासून होऊं लागली होती. स्त्रियांच्या वाट्यास काय आलें? १९३१ सालीं बेकारी भत्त्याचे नियम आवळले गेले ते मुख्यतः विवाहित स्त्रियांच्या गळ्याभोंवतीं. वर्गणी भरूनही पुष्कळींचा भत्ता बंद झाला, कारण नवरा पोसतो हें गृहीतच होतें. याच शहरांतील एलिनॉर रॅथबोन या बाईंनीं गोदी कामगारांच्या घरचा जमाखर्च तपासला होता, आणि पुढें उभा जन्म एकच तंटा मांडला, कीं घरांत येणारा पैसा आणि घर चालविणाऱ्या बाईच्या हातांत येणारा पैसा हे दोन निराळे आहेत. हिंदुस्थानच्या स्त्रियांविषयीं याच बाईंनीं जी उपदेशकी चालविली ती आमच्या भगिनींस रुचली नाहीं, आणि न रुचणें रास्तच होतें. परंतु त्यांच्या घरच्या प्रश्नावर त्यांचें म्हणणें बिनतोड होतें. १९४५ सालीं कुटुंबभत्त्याचें बिल आलें त्यांत तो पैसा बापाचा ठरविला होता. बाईंनीं हट्ट धरला आणि पार्लमेंटानें तो आईचा केला. एका शब्दाचा फरक, पण पैसा कोणाचा हें ठरलें.

लिव्हरपूल लांब वाटत असेल तर आमच्याच नगरास व संगमनेरास यावें. येथें विडी वळण्याचें काम मुख्यतः बायकांचें. कारखान्यांतून पानें व तंबाखू आणावयाची, घरीं बसून विड्या वळावयाच्या, हजारांच्या हिशेबानें पोहोंचवावयाच्या. छाट म्हणून किती विड्या बाजूस काढल्या जातात याच्या तक्रारी आमच्या कानांवर जुन्या आहेत, आणि मजुरी पोटापुरती आहे असें आम्हीही म्हणत नाहीं. तथापि १९६६ च्या विडी कामगार कायद्यानें घरीं बसून वळणारी बाई ही कामगारच आहे हें मान्य केलें. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तिला भविष्यनिर्वाह निधि लागू असल्याचा निकाल दिला. पुढें हा कायदा २०२० च्या श्रमसंहितेंत गेला, परंतु मूळ गोष्ट उरली: तिच्या नांवाचें कार्ड झालें. जी गोष्ट घराघरांत विखुरलेल्या विडीवालीस साधली, ती एका फडांत एकत्र राबणाऱ्या ऊसतोड बाईस कां साधूं नये, याचें समर्पक कारण आम्हांस अद्याप कोणी सांगितलेलें नाहीं.

नांव नसल्याचें मोल शरीरानें चुकवावें लागतें. शेजारच्या बीड जिल्ह्यांत २०१९ सालीं सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तेथें पाहणी केलेल्या सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. यांस कारणें अनेक असतील; डॉक्टरांचा लोभ हेंही एक आहे. परंतु पाळीच्या दुखण्याचा खाडा जेथें नवऱ्याच्या उचलींत चढतो, तेथें बाईस सुटी ही चैन वाटते आणि शस्त्रक्रिया हा इलाज वाटतो. पगारी रजा, प्रसूतीचा लाभ हीं तिच्या दारापर्यंत येतच नाहींत, कारण ती कोणाची नोकर हेंच ठरलेलें नाहीं. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम नवऱ्याकडे.

सरकार अगदींच स्वस्थ बसलें आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. गोपीनाथराव मुंडे यांच्या नांवें ऊसतोड कामगारांचें महामंडळ झालें, त्यासाठीं कारखान्यांकडून टनामागें १० रुपये घेण्याचें व तितकीच भर सरकारनें घालण्याचें ठरलें; मुलांच्या वसतिगृहांची योजना निघाली. २०२४ च्या जानेवारींत तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ मान्य झाली. चांगलें झालें. पण वाढ झाली ती टनाच्या दराची. तो टन तोडणाऱ्या दोघांपैकीं पैसा कोणाच्या हातांत जावा, याविषयीं वाटाघाटींत बसलेल्या पुढाऱ्यांनीं व कारखानदारांनीं अवाक्षर काढलें नाहीं.

दोघांची मजुरी निराळी कशी काढावी, मोळ्या कोण मोजीत बसणार, अशी अडचण कांहीं कारखानदार पुढें करतात. अडचण खोटी आहे. एकट्या मजुरास अर्धा कोयता धरण्याची रीत मुकादमांनींच पाडली आहे. म्हणजे कोयत्याचे दोन भाग करतां येतात हें त्यांस पक्कें ठाऊक आहे. तोच भाग बाईच्या नांवें मांडावयाचा. कारखान्यांनीं पुढील हंगामाचे करार करतांना प्रत्येक कोयत्यामागें दोन नांवें, दोन सह्या व दोन बँकखातीं घ्यावीं. उचल निम्मी निम्मी लिहावी, आणि एकाच्या नांवची बाकी दुसऱ्याकडून वसूल करूं नये. नगर जिल्ह्यांतील सहकारी कारखान्यांच्या सभासदांस हें वार्षिक सभेंत ठरावानें मागतां येईल. त्या सभासदांपैकीं पुष्कळजण आमचे वाचक आहेत.