मेणाचा हात

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या धर्मग्रामाच्या मोटारीच्या टपावरील रंग पापुद्रे धरून सुटू लागला, तेव्हा प्रथम आम्ही रंगाला दोष दिला, मग बेळगावच्या पावसाला दिला, आणि अखेरीस तो जेथे द्यावयास हवा होता तेथे, म्हणजे आमच्या स्वतःच्या पदरी घातला. ही मोटार आमची नव्हे. अपरात्री आजाऱ्यास इस्पितळात पोहोचवावे, दूरच्या वाडीतील वृद्धांना रविवारी ख्रिस्तमंदिरात आणावे, ह्या हेतूने आमच्या कुटुंबांनी थोडे थोडे जमवून ती घेतली. इंजिनात तेल वेळेवर पडे, चाकांत हवा भरली जाई. रंग ही मात्र केवळ शोभेची बाब, असे आम्ही धरून चाललो. आता टप रंगविण्याचा खर्च त्याच कुटुंबांच्या वर्गणीतून होणार. म्हणून आमची चूक वाचकांपुढे मांडणे आम्हांस भाग आहे.

मोटारीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. पत्र्यावर प्रथम गंज अडविणारा लेप, त्यावर प्रायमर, त्यावर मूळ रंग, आणि सर्वांवर काचेसारखा पारदर्शक थर, ज्यास कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात. हे सारे मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. माणसाचा एक केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे दोन केसांच्या जाडीवर पत्र्याचे सारे संरक्षण अवलंबून आहे, हे कळून येईल.

ह्या नाजूक थरावर आम्ही कोणते अत्याचार केले? रोज सकाळी कोरड्या फडक्याने तांबडी धूळ झटकली. त्या धुळीतील बारीक खडे रंगावर घासले जाऊन उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसू लागले. धुताना कपड्यांचा साबण वापरला. मोटार चिंचेखाली उभी केली, आणि पाखरांची विष्ठा चार-चार दिवस तशीच वाळू दिली. त्या विष्ठेत यूरिक आम्ल असते. उन्हाने तापून सैल झालेल्या थरात ते खोल डाग पाडते. चिंच तोडावी लागली नसती. ओले फडके तेवढे वेळेवर फिरावयास हवे होते.

मेणाचे काम येथेच असते. रंग आणि बाहेरचे जग ह्यांच्यामध्ये ते एक अतिशय पातळ पडदा धरते. पाणी त्यावर थेंबाथेंबाने जमून ओघळते, धूळ घट्ट बसत नाही, विष्ठा किंवा झाडाचा चीक रंगाला भिडण्यापूर्वी काही अवधी मिळतो. उत्तम समजले जाणारे कार्नोबा मेण ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर येते. तेथील कोरड्या हवेत पानातील ओलावा उडून जाऊ नये म्हणून ते झाडच ही तजवीज करते. पाने वाळवून झोडपली की हे मेण सुटते. मधमाशीचे मेण सुमारे ६३ अंशांवर वितळते, तर हे ८० अंशांच्या वर. म्हणून तापलेल्या पत्र्यावर ते टिकते.

एका मातुःश्रींनी आम्हांस भाबडेपणाने विचारले, “फादर, वेदीवरच्या मेणबत्त्यांचे इतके तुकडे उरतात, तेच का घासू नयेत?” काटकसरीचा हा विचार आम्हांस आवडला; पण तो उपयोगाचा नाही. हल्लीच्या मेणबत्त्या बहुधा पॅराफिनच्या असतात. ते नुसते घासले तर एकसारखे पसरत नाही; गोळे होऊन बसते आणि उलट धूळ धरून ठेवते. मोटारीच्या मेणात ते पसरविणारी द्रव्ये मिसळलेली असतात.

आता रीत सांगतो. मोटार सावलीत घ्यावी आणि पत्रा गार होऊ द्यावा. प्रथम भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग मोटारीच्या शाम्पूने धुवावे. दोन बादल्या ठेवाव्या: एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत फडके खळबळण्यासाठी साधे पाणी. पुसून कोरडे झाल्यावर एकेका भागावर मेणाचा अगदी पातळ हात फिरवावा. जाड थराने लाभ वाढत नाही, पुसण्याचे कष्ट तेवढे वाढतात. मेण धुरकट दिसू लागले की स्वच्छ मायक्रोफायबर फडक्याने उजळावे. काळ्या प्लास्टिकच्या भागांस ते लागू देऊ नये, पांढरे डाग राहतात. बिनचकाकीच्या रंगास साधे मेण लावूच नये. हा हात काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतो. पाण्याचे थेंब जमेनासे होऊन पाणी पसरू लागले की पुन्हा लावण्याची वेळ आली असे समजावे. मे महिन्यात, पावसापूर्वी एकदा, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात एकदा, एवढे तरी चुकवू नये.

मेण आणि पॉलिश ह्यांत गल्लत करू नये. पॉलिश बारीक घासून ओरखडे घालविते, म्हणजे रंगाचा काही अंश काढून घेते. मेण वर थर चढविते. वारंवार पॉलिश करणारा मनुष्य आपल्याच हाताने आयुष्य कमी करीत असतो.

मेणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ऊन त्याने फारसे अडत नाही. त्याला सावलीच हवी. खालून चढणारा गंज त्याने थांबत नाही. आमचा टप पाहून वृद्ध रंगारी म्हणाला, “फादर, रंग आहे तोवर मेण. रंग गेल्यावर मेण कशाला लावता?” ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

मोटारीवर आता पत्र्याचे छप्पर घातले आहे. ऑक्टोबरच्या एका शनिवारी धर्मग्रामातील चार मुले व आम्ही मिळून बॉनेट व दरवाजे धुतले आणि त्यांना मेण लावले; दोन तास लागले. वरच्या टपासाठी मात्र रंगाऱ्याचे बिल येईल, आणि ते आम्ही पुढील हिशेबात सर्वांपुढे वाचून दाखवू.