कापसाला कुलूप, भांडवलाला पायघड्या



आपल्या कापसाची गाठ परदेशी निघाली की पुष्कळदा ती रायगड जिल्ह्यातल्या उरणच्या किनाऱ्यावर, न्हावा-शेवा बंदरात पोचते. तिथले काही धक्के दुबईची आणि सिंगापूरची कंपनी चालवते. परदेशी भांडवल आले म्हणून बोंब मारणाऱ्यांतला मी नाही. गाठ लवकर बोटीत चढली तर त्यात आपलेच भले आहे.

तक्रार वेगळी आहे. पैशाला दार सताड उघडे आणि आपल्या मालाला ते सरकारच्या लहरीप्रमाणे. १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली. वऱ्हाडातल्या माणसाने चार पैसे जास्त मिळतात म्हणून मध्य प्रदेशात कापसाची गाडी नेली, तर तो चोर! एकाधिकार गेला, खोड गेली नाही. एप्रिल २०१० मध्ये निर्यात रोखली, ५ मार्च २०१२ ला पुन्हा बंदी. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, आपली बोंडे फुटायच्या तोंडावर, आयातीवरचा ११ टक्के कर काढून बाहेरच्या कापसाला वाट दिली. दार बंद केले ते गिरण्यांसाठी, उघडले तेही गिरण्यांसाठी. याला खुलेपणा म्हणायचे?

किनाऱ्यावरच्या भावांची कथा हीच, फक्त तिथे कापसाऐवजी जमीन. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनीचा रास्त मोबदला मागताना १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्या लढ्यातून, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली, साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला.

पुढे २००५ चा सेझ कायदा आला. पेण, उरण, पनवेलमधल्या ४५ गावांवर महामुंबई सेझचा डोळा. या कायद्याने सेझची जागा जकातीपुरती देशाबाहेरची मानली जाते. म्हणजे कंपनीला परदेशाची सवलत आणि शेतकऱ्याला १८९४ चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा! २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला मतदान घ्यावे लागले. अखेर संपादन बारगळले.

२०१३ च्या कायद्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के मालकांची संमती लागते. सरकार स्वतःसाठी घेते तेव्हा तीही नाही. ही अट सरकारलाही लागू करा, हा जिल्हा बैठकीतला पहिला ठराव असावा. दुसरा कापसाचा : निर्यातबंदी घालायची असेल तर त्या दिवशीच्या जागतिक भावाने सरकारने आमचा कापूस रोखीने उचलावा.