नावांची साखळी आणि विद्येचे मोल

विद्वत्तेचे मोल कशाने ठरवावे? कोणी कोणासह किती शोधनिबंध लिहिले याचे जाळे मांडायचे आणि ज्याच्याशी अधिक धागे जोडलेले तो थोर मानायचा, अशी एक रीत विद्याक्षेत्रात रूढ होऊ पाहत आहे. या जाळ्यात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर कोठे दिसले असते?

१९०५ साली डहाणूत जन्मलेले, ठाण्यात शालेय शिक्षण घेतलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळाशिक्षक होते. ना पदव्युत्तर पदवी, ना विद्यापीठातील आसन. सर्व अंक समान नसलेली चार अंकी संख्या घ्यावी. अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करावी आणि उत्तरावर हीच क्रिया करीत जावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ हाती येते. १९४९ साली त्यांनी मांडलेला हा स्थिरांक आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. सहलेखकांच्या नकाशावर मात्र हा गणिती एक एकाकी ठिपका ठरला असता!

सहकार्याचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. ऑयलरचे १७८२ सालचे अनुमान १९५९ साली खोटे ठरले, ते शरदचंद्र श्रीखंडे, राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांच्या प्रज्ञेमुळे. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरील २०१५ च्या निबंधावर ५१५४ नावे आहेत. महाकाय यंत्रामागे सहस्रावधींचे श्रम असतातच. पण त्यांपैकी कोणी नेमके काय केले, हे नावांची साखळी सांगत नाही.

प्रश्न केवळ तात्त्विक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत एका निबंधाचे गुण लेखकांमध्ये वाटले जात. २०१८ च्या नियमावलीने दोन लेखक असल्यास प्रत्येकाला ७० टक्के गुण दिले. म्हणजे एकट्याने लिहिले तर शंभर, दोघांनी लिहिले तर मिळून एकशे चाळीस! हेतू सहकार्याला उत्तेजन देण्याचा असेल. पण नावांच्या खोगीरभरतीचा मोहही याच वाटेने येतो. त्याने निबंध वाढतील, ज्ञान वाढेलच असे नाही.

याची झळ लागते ती ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या महाविद्यालयांत पदवीचे वर्ग सांभाळून उरलेल्या वेळात अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकाला. त्याच्यामागे ना मोठी प्रयोगशाळा असते, ना परदेशी सहलेखक. पदोन्नतीच्या वेळी त्याचे धागे मोजण्याऐवजी त्याचा निबंध वाचला जावा, एवढीच त्याची रास्त अपेक्षा आहे.

उपाय अवघड नाही. प्रत्येक लेखकाचा वाटा स्पष्ट नोंदविण्याची प्रथा अनेक नियतकालिकांनी स्वीकारली आहे. निवड समित्यांनीही तिचा आग्रह धरावा आणि निवडक निबंध स्वतः वाचावेत. मोजणे सोपे असते, पारखणे कष्टाचे. पण ते कष्ट टाळले, तर उद्याचा कापरेकर आपल्याच गावच्या महाविद्यालयात उपेक्षित राहील आणि त्याचा दोष कोणत्याही कोष्टकावर ढकलता येणार नाही.